संगणकाची वीज कुठे जाते, ती कशी वाचवायची: पुण्यातल्या घरांसाठी आणि छोट्या ऑफिसांसाठी

पर्यावरणाचा विचार करून संगणक कसा वापरावा, याचे सल्ले पुष्कळ मिळतात, पण त्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. जुने ईमेल पुसा, डार्क मोड लावा, मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढा. एखादा माणूस हे सगळं निष्ठेने करतो आणि शेजारच्या खोलीत त्याचा डेस्कटॉप रात्रभर घरघरत असतो. म्हणून या लेखात क्रमाला महत्त्व दिलं आहे. जिथे जास्त वीज जाते तिथून सुरुवात करायची, किरकोळ गोष्टी नंतर, आणि काही गोष्टी चक्क सोडून द्यायच्या.

लिहिताना दोन ठिकाणं डोळ्यांसमोर आहेत. एक, कोथरूड-वारज्याकडचा फ्लॅट: कुणीतरी हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करतंय, मुलांसाठी एक जुना पीसी आहे, राउटर आणि यूपीएस आहेच. दुसरं, पेठेतलं पाच-सात संगणकांचं ऑफिस: सीएचं, क्लासचं, डीटीपीचं. मगरपट्टा-खराडीच्या बड्या कंपन्यांकडे हे बघायला पगारी माणसं असतात, त्यांना हा लेख नको.

पायरी पहिली: आधी मोजा

एक हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. शंभर वॉटचं असेल तर दहा तास. एवढं गणित आलं की पुरे.

चार्जरवर किंवा पीसीच्या पॉवर सप्लायवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, रोजचा वापर नव्हे. ६५ वॉटचा चार्जर असलेला लॅपटॉप टायपिंग-ब्राउझिंग करताना साधारण १५ ते ३० वॉट घेतो. साधा ऑफिसचा डेस्कटॉप नुसता चालू असताना ४० ते ८० वॉट, त्यात ग्राफिक्स कार्ड आणि गेम आले की ३०० च्या पुढे. २४ इंची एलईडी मॉनिटर १५ ते २५ वॉट, वाय-फाय राउटर ६ ते १२ वॉट. हे ढोबळ आकडे झाले. तुमच्याकडचे काढायचे दोन मार्ग आहेत.

पहिला सरळ आहे: भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा वॉटमीटर विकत घ्यायचा. ऑनलाइन मिळतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीतही विचारून बघा. सोसायटीत मिळून एक घेतला तरी चालतो, कारण तो रोज लागत नाही.

दुसरा फुकट आहे आणि मला जास्त आवडतो. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, बहुतेक वेळा ३२०० किंवा १६००. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. मीटरवर ३२०० असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, १६०० असेल तर २२५० ला. उत्तर थेट वॉटमध्ये येतं. ३२०० च्या मीटरवर दर १५ सेकंदांनी दिवा लागत असेल, तर त्या क्षणी घरात ७५ वॉट चालू आहेत. आकडा तिसराच असेल तर ३६ लाखांना त्या आकड्याने भागा, म्हणजे तुमचा भाज्य मिळाला.

मोजताना फ्रिज, पंखे, दिवे बंद करा. इन्व्हर्टरचा भिंतीवरचा स्विचही बंद करायला विसरू नका, नाहीतर तो बॅटरी भरत बसतो आणि सगळा हिशोब बिघडवतो. एक दिवा आणि संगणक एवढंच ठेवून दहा लुकलुकी मोजा, त्याला दहाने भागा. मग संगणक बंद करून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे संगणक. अपार्टमेंटमध्ये मीटर खाली जिन्याखालच्या खोलीत असतात, त्यामुळे एक जण वर आणि एक जण खाली, मध्ये फोन, अशी कसरत करावी लागते. शाळेतल्या मुलांना या कामावर लावा, ती आनंदाने करतात. अगदी चार-पाच वॉटच्या वस्तू मात्र मीटरला नीट टिपता येत नाहीत, तिथे वॉटमीटरच हवा.

मोजलेला आकडा बिलाशी जोडताना एक गोष्ट लक्षात घ्या. घरगुती बिलाचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, त्यापुढे आणखी. वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतं. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून काढलेल्या सरासरीपेक्षा बचत जास्त निघते. आणि पर्यावरणाचा हिशोब हवा असेल, तर आपल्या देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. वीज अजूनही मुख्यतः कोळशावर होते, त्याचा हा परिणाम.

पायरी दुसरी: वापरात नसलेलं यंत्र झोपवा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. ७० वॉट घेणारा डेस्कटॉप संध्याकाळी सातला तसाच सोडून ऑफिसला कुलूप लावलं आणि सकाळी नऊला उघडलं, तर चौदा तासांत जवळजवळ एक युनिट गेलं. सात संगणकांचं ऑफिस असेल तर रात्रीला सात युनिट, कुणीही काहीही काम न करता. शनिवार-रविवार धरलाच नाही.

"सारखं चालू-बंद केलं की मशीन खराब होतं" आणि "सुरू होताना खूप वीज खातं" ही दोन वाक्यं प्रत्येक ऑफिसात कुणीतरी म्हणतंच. सुरू होताना संगणक मिनिटभर शंभर वॉट घेईल. तेवढी वीज तो रिकामा बसून दीड मिनिटात घेतो. राहिला प्रश्न झिजण्याचा, तर रोज एकदा बंद केल्याने आजच्या यंत्राला काही होत नाही. उलट रात्रभर फिरणारा पंखा धूळ ओढत राहतो.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जा. स्क्रीन पाच मिनिटांनी बंद आणि यंत्र पंधरा-वीस मिनिटांनी स्लीप, असं लावा. तिथेच 'एनर्जी रेकमेंडेशन्स' नावाचं पान आहे, त्यावरच्या बहुतेक सूचना डोळे मिटून मान्य करायला हरकत नाही. स्लीपमध्ये डेस्कटॉप दोन-तीन वॉटवर येतो. स्क्रीनसेव्हर मात्र काढून टाका. नाचणारी चित्रं दाखवताना मॉनिटर पूर्ण चालूच असतो.

पुण्यात एक अडचण वेगळी आहे. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाण्याची आपल्याला सवय आहे, आणि पावसाळ्यात तर वाराच कोणता ते बघावं लागत नाही. स्लीपमध्ये उघडं काम मेमरीत असतं, वीज गेली की ते जाऊ शकतं. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर म्हणून हायबरनेट बरं. त्यात सगळं काम डिस्कवर लिहून यंत्र खरोखर बंद होतं, वीज गेली काय आणि आली काय. हा पर्याय मेनूत दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या खाली 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे चालू करता येतो. लॅपटॉपवाल्यांना ही चिंता नाही.

मॉनिटरची चमक दुकानातून आणताना बहुधा पूर्ण ठेवलेली असते. ती निम्म्यावर आणली तर वीज बरीच उतरते आणि संध्याकाळी डोळेही चुरचुरत नाहीत.

पायरी तिसरी: टेबलाखालची गर्दी

टेबलाखाली वाकून बघा. यूपीएस, स्पीकर, प्रिंटर, एक्स्टर्नल डिस्क, कुणाचा तरी विसरलेला चार्जर. रिकाम्या मोबाइल चार्जरकडे दुर्लक्ष करा, चांगला चार्जर नगण्य वीज घेतो. यूपीएसकडे लक्ष द्या. पीसी बंद असला तरी तो काही वॉट घेत राहतो आणि गरम राहतो. रात्री तो बंद करताना आधी त्याच्यावरचं बटण दाबा, मग भिंतीवरचा स्विच. उलट केलंत तर वीज गेली असं समजून तो बॅटरी संपेपर्यंत शीळ घालेल.

बाकीच्या वस्तू एकाच स्विचच्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, जाताना एक स्विच बंद. इंकजेट प्रिंटर तेवढा याला अपवाद: त्याचं स्वतःचं बटण दाबून तो बंद करा, म्हणजे शाईचं हेड झाकणाखाली जाऊन बसतं. बोर्डवरून एकदम वीज तोडली तर हेड उघडं राहून सुकतं आणि साफ करण्यात शाई वाया जाते. लेझर प्रिंटरचं दुखणं वेगळं. टोनर वितळवायला त्याला दरवेळी तापावं लागतं आणि त्या क्षणी तो शेकडो वॉट ओढतो. दिवसभर एकेक पान काढण्यापेक्षा दुपारी आणि संध्याकाळी एकदम काढा, दोन्ही बाजूंनी छापा.

राउटर दहा वॉटचा धरला तर वर्षभरात सुमारे ८८ युनिट होतात. रात्री आठ तास बंद ठेवला तर २९ वाचतात. सीसीटीव्ही किंवा इंटरनेटवरचा लँडलाइन असेल तर नाद सोडा.

पायरी चौथी: आहे तो संगणक जगवा

लॅपटॉपच्या आयुष्यात होणाऱ्या एकूण प्रदूषणाचा मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडेपर्यंतच झालेला असतो: खाणी, चिप, स्क्रीन, बॅटरी, वाहतूक. चार वॉट वाचवण्यासाठी नवा लॅपटॉप घेणं म्हणूनच पर्यावरणाच्या हिशोबात बसत नाही. पाच वर्षांचा लॅपटॉप आठ वर्षं चालवणं बसतं.

संगणक मंद झाला म्हणून बाद करायचा असेल, तर आधी त्यात फिरती हार्ड डिस्क आहे का बघा. असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, बसवा आणि चार जीबी रॅम असेल तर आठ करा. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक बदल दुसरा नाही. शिवाय साडेतीन इंची फिरती डिस्क सहा-सात वॉट घेते आणि एसएसडी रिकामी असताना वॉटभरसुद्धा घेत नाही. तपकीर गल्लीच्या परिसरात हे काम समोर बसून करून मिळतं. जुनी डिस्क परत मागून घ्या, तिच्यावर तुमचा सगळा संसार आहे.

मग धूळ. मेट्रो, उड्डाणपूल आणि नव्या इमारती यांच्या कृपेने आपल्याकडच्या डेस्कटॉपमध्ये वर्षभरात करडी गादी तयार होते. पंखा जोरात फिरू लागतो, तरी प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीत, केबिनेट उघडून ब्लोअरने साफ करा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने ते भरधाव फिरू देऊ नका. चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या.

आता विंडोज १० चा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे. परिणाम असा की धडधाकट चालणारी यंत्रं केवळ या अटीमुळे भंगाराच्या रांगेत उभी आहेत.

अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून बघा. पेन ड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला का, एवढं तपासा आणि मग ठरवा. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो. मुलांचा अभ्यास, बँकेचं काम, यूट्यूब, पत्रं लिहिणं यांसाठी मला त्यात काही कमी वाटत नाही. पण ज्या ऑफिसात टॅली, डिजिटल सहीचं टोकन आणि सरकारी खात्यांच्या एक्सेल युटिलिटी रोज लागतात, तिथे उत्साहाच्या भरात हे करू नका. मार्चअखेरीला तर मुळीच नाही.

लॅपटॉप दिवसभर टेबलावर प्लग लावूनच वापरत असाल, तर बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती चालू करा. लिथियम बॅटरीला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता या दोन्हींचा त्रास होतो.

पायरी पाचवी: घ्यायचाच असेल तर

कामाला पुरेल एवढाच घ्या. वर्ड-एक्सेलसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड म्हणजे सदाशिव पेठेच्या बोळात ट्रक. डेस्कटॉपच हवा असेल तर मिनी पीसी बघा, साध्या कामात तो १० ते २० वॉटमध्ये भागवतो. लेबलांमध्ये एनर्जी स्टार आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे पाहा. पॉवर सप्लाय वेगळा घेत असाल तर '८० प्लस' ही कमी वीज वाया घालवण्याची खूण असलेला घ्या. रॅम आणि बॅटरी बदलता येते का, हा प्रश्न दुकानदाराला विचारायलाच हवा. हल्ली बऱ्याच लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते.

नूतनीकृत लॅपटॉप पुण्यात सहज मिळतात, कारण आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी ताफा बदलतात. घेताना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट समोर काढून घ्या आणि मूळ क्षमता व सध्याची क्षमता यांतला फरक बघा. बिल आणि वॉरंटी लेखी हवी.

पायरी सहावी: खोलीची उष्णता

संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. सात डेस्कटॉप ८० वॉटचे, म्हणजे ५६० वॉटचा हीटर एप्रिल-मे महिन्यात ऑफिसात लावल्यासारखं आहे, आणि ती उष्णता बाहेर काढायला एसी आणखी दीड-दोनशे वॉट घेतो. संगणक कमी केले की बचत दोनदा होते. एसी २५-२६ अंशांवर आणि जोडीला पंखा, एवढं बहुतेकांना पुरतं. पुण्याची हवा अजूनही इतकी बरी आहे की नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडकी उघडली तरी भागतं.

मोठ्या यंत्रांचीही हीच डोकेदुखी असते. पाषाणला आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत असलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात थंडावा देणारं पाणी थेट प्रोसेसरवरच्या प्लेटांमधून फिरवतात, कारण हवेपेक्षा पाणी उष्णता फार लवकर वाहून नेतं.

क्लाउड, व्हिडिओ आणि एआय

इथे घाबरवणारे आकडे फार फिरतात, म्हणून दोनच सांगतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज घेतली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. दुसरीकडे, गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की आपल्या जेमिनी या एआयला विचारलेल्या सर्वसाधारण मजकुरी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास लागतात. तुमचा रिकामा चालू असलेला ७५ वॉटचा डेस्कटॉप तेवढी वीज साडेअकरा सेकंदांत घेतो. एकूण आकडा मोठा आहे आणि त्यावर सरकारांनी, कंपन्यांनी काम करायला हवं. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा 'सेंट्रल इंडिया' विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे, तेव्हा हा विषय दूरचाही नाही. पण एक माणूस म्हणून तुमच्या हातात आधी टेबलावरचं यंत्र आहे.

जुने ईमेल पुसत तासभर बसू नका, त्या तासात संगणकच जास्त वीज घेईल. फोटो आणि व्हिडिओंच्या दुहेरी-तिहेरी प्रती तेवढ्या काढा. डार्क मोडचा फायदा ओलेड पडद्यावरच होतो, कारण त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, साध्या एलसीडीचा मागचा दिवा तसाच जळत राहतो. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर ५५ इंची टीव्हीवर व्हिडिओ लावण्यापेक्षा फोन बरा.

पायरी सातवी: माळ्यावरचं सामान

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर एक बंद पडलेला सीपीयू असतोच. "त्यात फोटो आहेत" आणि "कधीतरी लागेल" या दोन कारणांनी तो तिथे बसलेला असतो. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्वापराला गेला. बाकीच्यात असेच माळे, आणि तांब्यासाठी वायरी जाळणारे, सोन्यासाठी सर्किट ॲसिडमध्ये बुडवणारे कोपरे.

आधी डेटा. यंत्र सुरू होत असेल तर फोटो काढून घ्या, मग रिसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा' चालू करा. नुसतं डिलीट केलेलं परत मिळवता येतं. सुरू होत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडून पुसा, तेही जमत नसेल तर फिरत्या डिस्कला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा.

चालणारं यंत्र असेल तर पहिला हक्क ते वापरणाऱ्याचा: नात्यातलं कॉलेजचं पोर, वस्तीतली अभ्यासिका. पूर्ण बाद असेल तर नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत त्यांची नावं असतात. शहरात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची व्ही-कलेक्ट ही सेवा जुन्या वस्तू गोळा करते, आणि पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ई-कचऱ्याच्या संकलन मोहिमा घेतात. सोसायटीने एकत्र बोलावलं तर गाडी दारात येणं सोपं जातं. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत उत्पादकावर जबाबदारी आहे, त्यामुळे संगणक ज्या कंपनीचा आहे तिच्याकडे परत देण्याचीही विचारणा करता येते. ऑफिसने पावती जरूर घ्यावी, हिशोबातून यंत्र वजा करायला सीए ती मागतो.

बॅटऱ्यांचं वेगळं बघा. यूपीएस आणि इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे वजा होतात. लॅपटॉपची लिथियम बॅटरी फुगली असेल तर यंत्र लगेच बंद करा, चार्ज करू नका, दाबून किंवा टोचून बघू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून ती पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवा आणि देताना "यात बॅटरी आहे" असं स्पष्ट सांगा. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या सुक्या कचऱ्यात ती कधीही टाकू नका, गाडीत दाबली गेली तर तिथेच पेट घेते.